तेल, द्राक्षारस आणि त्रिकोणी पट्टी

संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला मी आजवर किती वेळा समजावून सांगितला असेल, याची गणती नाही. याजक बाजूने निघून गेला, लेवी निघून गेला आणि ज्याला सारे तुच्छ लेखीत त्या शोमरोन्याला कळवळा आला, इथपर्यंत आलो की माझे प्रवचन बहुधा कळवळ्यापाशीच रेंगाळे. लूक मात्र तेथे थांबत नाही. परंपरा त्याला वैद्य मानते, आणि वैद्याच्याच नजरेने तो पुढचा क्रम सांगतो: शोमरोनी जवळ गेला, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्याने त्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवले, उताऱ्याच्या जागी नेले आणि खर्चाची सोय केली. म्हणजे आधी जखमेवर उपचार, मग वाहून नेणे आणि शेवटी जबाबदार हाती सोपवणे. या क्रमाचे महत्त्व मला गुरुविद्यालयात नव्हे, रस्त्यावर कळले.

1999 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. गुरुदीक्षा होऊन मला जेमतेम एक वर्ष झाले होते. सायंकाळची मिस्सा आटोपून परतताना महामार्गावर गर्दी दिसली. दुचाकीवरून पडलेला एक तरुण रस्त्याच्या कडेला होता. मांडीतून रक्त वाहत होते. मी गुडघे टेकले, त्याचा हात हातात घेतला, प्रार्थना म्हटली. कोणी त्याच्या तोंडाला पाणी लावले. कोणी त्याला हातापायांना धरून उचलले आणि एका टेम्पोत घातले. इस्पितळात पोहोचेपर्यंत तो गेला होता. तेथील डॉक्टर कोणालाही दोष न देता हळू आवाजात म्हणाले, “वाटेत कोणी कापडाचा बोळा करून जखम दाबून धरली असती तर कदाचित वाचला असता.” माझ्या खिशात स्वच्छ रुमाल होता. मी त्याने माझे डोळे पुसले होते.

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. दोन हजार वर्षे दयेचे प्रवचन करणाऱ्या आपल्या श्रद्धेने हातांना काही शिकवले की नाही? इतिहासात शिरलो तेव्हा आढळले की शिकवले आहे, आणि ते शिकणारे बहुधा अगदी साधे लोक होते.

अकराव्या शतकात जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख धन्य जेरार्ड यांच्या बंधुसंघाला 1113 साली पोप दुसरे पास्काल यांनी मान्यता दिली. हेच संत योहानाचे रुग्णसेवक. पुढे त्यांनी शस्त्रही हाती धरले, हा इतिहासाचा दुसरा भाग आहे. परंतु त्यांच्या नियमावलीत रुग्णांना ‘आमचे धनी’ म्हटले आहे, हे विसरता येत नाही. त्यांच्या पांढऱ्या क्रुसाला आठ टोके आहेत आणि परंपरा त्यांत डोंगरावरील प्रवचनातले आठ धन्योद्गार पाहते.

रुग्णाला वाहून नेण्याचे काम व्रत म्हणून पत्करले ते इटलीतील फ्लॉरेन्सच्या नागरिकांनी. तेथील ‘मिझेरिकोर्दिया’ म्हणजे दयेचे बंधुमंडळ आपली स्थापना 1244 सालची मानते. लोकरीच्या बाजारातील हमाल थंडीत शेकोटीभोवती बसत आणि शिव्याशाप देत. त्यांच्या म्होरक्याने प्रत्येक शिवीमागे दंड ठेवला आणि त्या पैशांतून रुग्ण वाहून नेण्यासाठी डोल्या घेतल्या, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, बंधुमंडळ खरे आहे. घंटा वाजली की सभासद हातातले काम टाकून येत. अंगावर पायघोळ झगा, चेहऱ्यावर टोपडे. डोली उचलणारा सावकार आहे की सुतार, हे कोणाला कळू नये हा त्यामागचा हेतू. मोबदला एकच, “देव तुम्हांला याचे फळ देवो” हा आशीर्वाद. आजही त्यांच्या रुग्णवाहिका फ्लॉरेन्सच्या कथीड्रलसमोरून निघतात.

याच नावाची बंधुमंडळे पोर्तुगालमध्ये 1498 पासून उभी राहिली, आणि तेथून ती गोव्यात व आपल्या वसईतही आली. दयेची सात शारीरिक व सात आध्यात्मिक कृत्ये हा त्यांच्या नियमांचा पाया होता. वसईचा किल्ला पाहायला जाणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे की त्या भिंतींआड केवळ तोफा नव्हत्या.

परंतु डोली उचलायला खांदा असला म्हणजे पुरते का? या प्रश्नाचे उत्तर उत्तर इटलीतील कास्तिल्योने या गावाने दिले. हे संत आलोयसियस गोन्झागा यांचे जन्मगाव. रोममध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता 21 जून 1591 रोजी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, हा तरुण संत ख्रिस्तवासी झाला. 1859 साली त्याच्या सणानंतर तिसऱ्या दिवशी, 24 जूनला, जवळच्या सोल्फेरिनो येथे फ्रान्स व सार्डिनियाच्या सैन्यांची ऑस्ट्रियाशी लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक त्यात होते. मृत, जखमी व बेपत्ता यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात गेली. हजारो जखमी या छोट्या गावात आणले गेले. चर्चच्या फरशीवर गवत पसरून शेकडोंना निजवले. डॉक्टर मोजकेच होते. गावचे धर्मगुरू डॉन लोरेन्झो बार्झिझ्झा आणि गावातील स्त्रिया पाणी, चिंध्या, सूप घेऊन धावल्या. व्यापाराच्या कामासाठी तिकडे आलेला हेन्री ड्युनांट हा जिनीव्हाचा प्रॉटेस्टंट गृहस्थ त्यांच्यात मिसळला. शत्रू आणि मित्र असा भेद न करता त्या बायका म्हणत, “सारे भाऊच!”

कळवळ्याची तेथे उणीव नव्हती. तरीही माणसे मेली. अपुऱ्या आणि अननुभवी हातांमुळे मेली. 1862 साली लिहिलेल्या आपल्या पुस्तकात ड्युनांटने हीच खंत मांडली आणि शांततेच्या काळातच स्वयंसेवक तयार करून ठेवता येणार नाहीत का, असे जगाला विचारले. त्यातून 1863 साली रेडक्रॉसचा आणि 1864 साली पहिल्या जिनीव्हा कराराचा जन्म झाला. 1901 सालचे पहिले शांततेचे नोबेल पारितोषिक ज्या दोघांना विभागून मिळाले, त्यांतला एक ड्युनांट होता.

युद्धातला हा धडा रोजच्या जीवनात उतरला तो इंग्लंडमध्ये. तेथील संत योहानाचा संघ आठव्या हेन्रीने 1540 साली बंद केला होता. एकोणिसाव्या शतकात मुख्यतः प्रॉटेस्टंट मंडळींनी त्या नावाची परंपरा पुन्हा सुरू केली आणि 1877 साली सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स असोसिएशनची स्थापना केली. तो कारखान्यांचा, खाणींचा आणि आगगाड्यांचा काळ होता. रणांगणाशिवायही रोज माणसे चिरडत होती. जानेवारी 1878 मध्ये लंडनजवळच्या वुलिच येथे एका शाळेच्या दालनात सर्जन-मेजर पीटर शेफर्ड याने सामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग सुरू केले. रक्त कसे थांबवावे, मोडलेल्या हाडाला आधार कसा द्यावा, बुडालेल्याला श्वास कसा द्यावा, एवढेच शिकवायचे. आणि डॉक्टर येताच रुग्ण त्यांच्या हाती सोपवून बाजूला व्हायचे. त्याच वर्षी 3 सप्टेंबरला वुलिचजवळ थेम्स नदीत ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही प्रवासी बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. या वर्गांत शिकलेल्यांच्या विद्येची पहिली कसोटी त्या किनाऱ्यावर लागली.

शेफर्डने शिकवलेल्या साधनांत प्रमुख होती त्रिकोणी पट्टी. जर्मन शस्त्रवैद्य एस्मार्क याने ती लोकप्रिय केली. पट्टीच्या कापडावरच त्याने ती कशी बांधावी याची चित्रे छापून घेतली, म्हणजे वाचता न येणाऱ्या शिपायालाही ती वापरता यावी. 1882 साली याच एस्मार्कने कील शहरात नागरिकांसाठी प्रथमोपचाराची शाळा काढली आणि तिला नाव दिले शोमरोन्याचे!

शेफर्डला हे काम फार काळ पाहता आले नाही. झुलू लोकांच्या भूमीवर ब्रिटिशांनी केलेल्या स्वारीत 22 जानेवारी 1879 रोजी इसांडल्वानाच्या लढाईत तो मारला गेला. माघार घेताना एका जखमी घोडेस्वाराला तपासण्यासाठी तो थांबला होता. युद्ध अन्यायाचे होते. त्याचे थांबणे मात्र त्याच्या शिकवणीला धरून होते.

लोकांनी हे शिक्षण उचलून धरले. खाणकामगार आणि रेल्वे कामगार वर्गांना बसू लागले. 1887 साली गणवेशधारी स्वयंसेवकांचे दल उभे राहिले. आणि लवकरच स्पर्धा सुरू झाल्या. दयेच्या कामात चढाओढ कसली, असे मलाही एकेकाळी वाटे. पण विचार केला तर कारण उघड आहे. अपघात रोज आपल्या डोळ्यांसमोर घडत नाही, आणि न वापरलेली विद्या विसरते. स्पर्धेत संघाला आधी ठाऊक नसलेला प्रसंग दिला जातो, खोटा रुग्ण विव्हळत असतो, घड्याळ चालू असते आणि परीक्षक गुण मांडत असतात. इंग्लंडमध्ये 1942 साली जखमींचे सोंग हुबेहूब वठवणाऱ्या स्वयंसेवकांची स्वतंत्र संस्थाच निघाली. आपल्याकडे रेल्वेत आणि खाणींत अशा स्पर्धा परंपरेने होत आल्या आहेत. शिवाय शास्त्रही बदलते. शेफर्डच्या काळी बुडालेल्याचे हात वरखाली करून श्वास देत. 1960 च्या सुमारास छाती दाबण्याची पद्धत मान्य झाली. एकदा शिकलेले जन्मभर पुरत नाही.

आपल्या देशबांधवांचाही या इतिहासात वाटा आहे, आणि तो पुन्हा आपल्याला दक्षिण आफ्रिकेतच घेऊन जातो. 1899 साली बोअर युद्धाच्या वेळी तरुण बॅरिस्टर गांधींनी नाताळमध्ये भारतीयांचे रुग्णसेवा पथक उभारले. सुमारे अकराशे माणसे, त्यांतली बहुतेक गिरमिटिया मजूर. पथकाच्या प्रमुखांना शुश्रूषेचे धडे दिले डॉ. बूथ या अँग्लिकन धर्मगुरू-डॉक्टरांनी. जखमींना स्ट्रेचरवर घेऊन या माणसांनी दिवसाला वीस-पंचवीस मैल चाल केली. 1906 साली झुलूंच्या बंडाच्या वेळी गांधीजी पुन्हा एक लहान पथक घेऊन गेले. चाबकाच्या फटक्यांनी सोललेल्या झुलूंच्या जखमा चिघळल्या होत्या आणि गोरे त्यांना हात लावायला तयार नव्हते. त्या जखमा गांधीजींच्या पथकाने धुतल्या व बांधल्या. शेफर्ड जेथे पडला त्याच झुलूंच्या मुलखात, सत्तावीस वर्षांनी, त्याचीच विद्या झुलूंच्या उपयोगी पडली. पट्टी कोणाच्या जखमेवर बांधायची हे पट्टी ठरवीत नाही. ते बांधणाऱ्याने ठरवायचे असते.

स्वतंत्र भारतात 1948 च्या कारखाना कायद्याने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी आणि ती सांभाळणारा प्रमाणपत्रधारक माणूस आवश्यक केला. गोव्यात 2008 साली आणि महाराष्ट्रात 2014 साली 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आली. जखमीला मदत केली तर पोलीस-कोर्टाचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती सर्वांच्या मनात असे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच त्यांना स्थान मिळाले. कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात अशा मदतनिसाला नाव दिले आहे ‘चांगला शोमरोनी’. याजक आणि लेवी यांना एक सबब होती असे मानले, तरी आपल्याला ती उरलेली नाही.

मी स्वतः चाळिशी ओलांडल्यावर प्रथमोपचाराच्या वर्गाला बसलो. एकदा आमच्या धर्मग्रामातील युवकांच्या सरावात मला जखमी केले होते. चौघांनी माझा पाय बिनचूक बांधला, स्ट्रेचर तोलून उचलले. परीक्षक डॉक्टरीणबाईंनी तरीही गुण कापले. “तुम्ही फादरांशी एक शब्दही बोलला नाहीत,” त्या म्हणाल्या, “जखमीला वाटले पाहिजे की आपल्याजवळ माणूस आहे.” हात शिकलेले हवेत हे मला महामार्गावर कळले होते. शिकलेल्या हातांनाही कळवळा सोडता येत नाही, हे त्या दिवशी उमगले.

रुग्णवाहिका कितीही वेगाने आली तरी काही मिनिटे लागणारच. ती मिनिटे जवळच्या माणसाची असतात. विहिरीवर, शेतात, स्वयंपाकघरात, रेल्वेच्या फलाटावर तो जवळचा माणूस आपणच असतो. म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून एकदा तरी मिस्सेनंतर हा वर्ग भरवावा आणि आळीआळीचे संघ करून सराव घ्यावा, अशी माझी विनंती आहे. खर्च फारसा नाही. मीटरभर औरसचौरस मांजरपाट कर्णरेषेत कापला की दोन त्रिकोणी पट्ट्या होतात. आमच्या महिला मंडळाने गेल्या खेपेस एका दुपारी चाळीस कापल्या. त्यांतली एक मी खिशात बाळगतो, त्या रुमालाशेजारी.