केस मऊ करणारी द्रव्ये (डहाणू व तलासरी)

केस मऊ करणारी द्रव्ये म्हणजे केसांचा राठपणा व गुंता कमी करण्यासाठी केस धुण्यापूर्वी, धुताना किंवा धुतल्यानंतर लावली जाणारी तेले, वनस्पतिजन्य रस आणि कारखान्यात तयार होणारी प्रसाधने. यांपैकी शेवटच्या गटाला 'कंडिशनर' म्हणतात व मराठीतही तोच शब्द रूढ आहे. महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत हे तिन्ही प्रकार एकाच वेळी वापरात आढळतात. बोर्डी, घोलवड, नरपड, चिंचणी या किनारी गावांत खोबरेल, पूर्वेकडील आदिवासीबहुल पाड्यांवर मोहाच्या बियांचे तेल, आणि किराणा दुकानांत व आठवडे बाजारांत सर्वत्र शाम्पू व कंडिशनरच्या पुड्या. या द्रव्यांची तुलना सहसा 'नैसर्गिक' विरुद्ध 'रासायनिक' अशी केली जाते. घटकांकडे पाहिल्यास ही विभागणी फारशी उपयोगाची ठरत नाही. द्रव्य केसाच्या आत शिरते की केवळ वर बसते, आणि पाण्याने धुतल्यावर टिकते की निघून जाते, हे दोन निकष अधिक महत्त्वाचे आहेत.

केसाची रचना व राठपणाची कारणे

केस हा केराटिन या प्रथिनाचा तंतू आहे. त्याच्या बाहेर, घरावरील कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे आवरण असते. निरोगी केसाच्या पृष्ठभागावर १८-मिथिलआयकोसॅनॉइक आम्ल या मेदाम्लाचा अतिशय पातळ लेप असतो. त्यामुळे पाणी केसावर न पसरता ओघळून जाते. ऊन, रंग, ब्लीच, वारंवार धुणे आणि ओल्या केसांतून ओढलेली फणी यांमुळे हा लेप झिजतो व खवले उचकटतात. उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्प्रभार वाढतो. केसाच्या पृष्ठभागाचा समविद्युत् बिंदू सामू ३.७ च्या आसपास असल्याने नेहमीच्या पाण्यात केस ऋणप्रभारितच राहतो. कंडिशनरची सारी रचना या एका गोष्टीवर उभी आहे.

किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असलेल्या जड पाण्यात अंगाचा किंवा कपड्यांचा साबण डोक्याला लावल्यास न विरघळणारा साका तयार होतो व तो केसांवर चिकटून बसतो. शिवाय साबणाचा सामू ९ ते १० असल्याने खवले अधिक उघडतात. राठ केसांसाठी तेलाला दोष दिला जातो, तेव्हा पुष्कळदा कारण साबण आणि पाणी यांच्या या जोडीत असते.

तेले

खोबरेल हा शब्द 'खोबरे' आणि 'तेल' यांच्या संयोगातून झालेला आहे. 'एरंडेल' हे त्याच वळणाचे दुसरे उदाहरण. डहाणूच्या किनाऱ्यावर नारळाच्या वाड्या असल्या, तरी बाटलीबंद खोबरेलासाठी लागणारे खोबरे मुख्यतः केरळ, तमिळनाडू व कर्नाटक या राज्यांतून येते. या तेलातील मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. या आम्लाची साखळी १२ कार्बन अणूंची, म्हणजे आखूड व सरळ असते, आणि केराटिनशी तिची जवळीक असते.

या गुणाची पद्धतशीर तपासणी मुंबईत झाली. मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना करून तिचे निष्कर्ष २००३ मध्ये 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. केस धुताना व विंचरताना त्यांतून किती प्रथिन बाहेर पडते, हे त्यांनी मोजले. तिन्ही तेलांपैकी प्रथिनाची हानी लक्षणीयरीत्या कमी करणारे खोबरेल हे एकच तेल ठरले. हा परिणाम चांगल्या केसांवर दिसला तसाच ब्लीच केलेल्या केसांवरही दिसला. सूर्यफूल तेलातील लिनोलिक आम्लाच्या साखळीत दुहेरी बंध असल्याने तिला बाक येतो व ती केसात सहज शिरत नाही, तर खनिज तेल हायड्रोकार्बनचे असल्याने त्याला प्रथिनाची ओढच नसते, असे स्पष्टीकरण लेखकांनी दिले. त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील संशोधन संस्थेच्या सहकार्याने केलेल्या वर्णपटीय तपासणीत खोबरेल केसाच्या आत आढळले होते, खनिज तेल आढळले नव्हते. मॅरिको ही स्वतः खोबरेल विकणारी कंपनी आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. मात्र मोजण्याची पद्धत उघडपणे मांडलेली असल्याने हा अभ्यास या विषयावरील लेखनात आजही आधारभूत मानला जातो.

खोबरेलाचा हा लाभ मुख्यतः धुण्यापूर्वी लावल्याने मिळतो. पाण्याने केस फुगतो व सुकल्यावर आकसतो. आत शिरलेले तेल ही फुगण्याची क्रिया मर्यादित ठेवते. न्हाण्याच्या आदल्या रात्री डोक्याला तेल चोळण्याची जुनी घरगुती रीत या निष्कर्षाशी जुळते.

मोहाच्या बियांचे तेल हे डहाणूच्या पूर्व भागात आणि तलासरीत वारली व इतर आदिवासी समाजांच्या परिचयाचे तेल आहे. मोहाची फुले उन्हाळ्यात पडतात, त्यानंतर फळे धरतात आणि पावसाच्या तोंडाशी बिया गोळा केल्या जातात. बियांवरील टरफल काढून आतील गर वाळवतात व तेल काढतात. हे तेल खाण्यासाठी, दिव्यासाठी आणि अंगाला व केसांना लावण्यासाठी वापरले जाते. त्यात ओलेइक, स्टिअरिक व पामिटिक ही १६ आणि १८ कार्बनांची मेदाम्ले प्रामुख्याने असतात. ते दाट असते, हिवाळ्यात थिजते आणि केसांवर जाडसर थर धरते. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत सॅपोनिन ही फेस आणणारी द्रव्ये असतात. एकाच बीमधून केसांना लावायचे स्निग्ध द्रव्य आणि ते धुऊन काढणाऱ्या जातीचे द्रव्य, अशी दोन्ही मिळावीत हे विशेष होय. पेंडीतील सॅपोनिन माशांना विषारी असल्याने ती ओढ्यात किंवा तळ्यात जाऊ देऊ नये.

एरंडेलात रिसिनोलिक आम्लाचे प्रमाण ८५ टक्क्यांहून अधिक असते. ते फार चिकट असल्याने सहसा दुसऱ्या तेलात मिसळून लावतात. माका, ब्राह्मी, आवळा व जास्वंद घालून कढवलेली तेले ही मूळ तेलाच्या गुणांवरच अवलंबून असतात. वनस्पतींचा अंश त्यांत अल्प असतो.

धुण्याची पारंपरिक द्रव्ये

शिकेकाई व रिठा यांतील सॅपोनिनमुळे मळ निघतो, पण साबणाप्रमाणे जड पाण्यात साका होत नाही. शिकेकाईचा काढा आम्लधर्मी असल्याने खवले मिटण्यास मदत होते. जास्वंदीची पाने व कोरफडीचा गर यांतील बुळबुळीत शर्करायुक्त द्रव्ये ओल्या केसांना निसरडेपणा देतात. सुकल्यावर त्यांचा परिणाम फारसा उरत नाही.

कंडिशनरमधील घटक

बाटलीतील कंडिशनरचा सर्वांत मोठा भाग पाण्याचा असतो. त्याखालोखाल सेटिल अल्कोहोल, स्टिअरिल अल्कोहोल किंवा दोहोंचे मिश्रण असलेले सेटिअरिल अल्कोहोल येते. 'अल्कोहोल' या नावामुळे ही द्रव्ये केस कोरडे करतात असा समज आहे. तो चुकीचा आहे. ही मेणासारखी घन मेदार्के आहेत व त्यांच्या साखळ्या १६ आणि १८ कार्बनांच्या असतात. मोहाच्या तेलातील मेदाम्लांची लांबी हीच आहे.

तेल आणि कंडिशनर यांतील खरा फरक पुढच्या घटकात आहे. बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, सेट्रिमोनियम क्लोराइड किंवा स्टिअरामिडोप्रोपिल डायमिथिलअमाइन या द्रव्यांत लांब मेदसाखळीच्या टोकाला धनप्रभारित नायट्रोजन असतो. ते टोक ऋणप्रभारित केसाला चिकटते आणि साखळी बाहेरच्या बाजूस राहते. झिजलेल्या जागी ऋणप्रभार अधिक असल्याने द्रव्य नेमके तेथेच अधिक बसते व धुतल्यावरही अंशतः टिकते. तेलाला ही सोय नसते. उलट, शाम्पूमधील मळ काढणारी द्रव्ये सामान्यतः ऋणप्रभारित असतात. म्हणून या दोन्ही गोष्टी आधी-नंतर वापराव्या लागतात.

शाम्पू व कंडिशनर एकत्र असलेल्या प्रकारात ही अडचण सिलिकोन आणि धनप्रभारित बहुवारिके वापरून दूर केली जाते. त्यांपैकी ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड हे नाव कितीही परके वाटले, तरी ते गवारीच्या बियांच्या डिंकापासून बनते. डायमेथिकोन हे सिलिकोन केसांवर पातळ, निसरडा थर देते. ते केसात शिरत नाही व केस 'दुरुस्त' करत नाही. वारंवार वापराने साचल्यास शाम्पूने ते बहुतांशी निघते. सायक्लोपेंटासिलोक्सेन हे उडून जाणारे सिलिकोन पर्यावरणात दीर्घकाळ टिकत असल्याने युरोपीय संघाने ३१ जानेवारी २०२० नंतर धुऊन टाकायच्या प्रसाधनांत त्यावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली.

पँथेनॉल, ग्लिसरीन, विघटित प्रथिने, सायट्रिक आम्ल, सुगंध व परिरक्षके हे उरलेले घटक अल्प प्रमाणात असतात. परिरक्षकांपैकी मिथिलआयसोथायाझोलिनोनमुळे काहींना त्वचेची ॲलर्जी होते. टाळूवर खाज वा पुरळ आल्यास प्रथम सुगंध व परिरक्षक यांचा संशय घ्यावा.

डोक्यातील उवा काढण्यासाठी ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून बारीक दात्यांची फणी फिरवण्याची पद्धत मान्यताप्राप्त आहे. तेथे त्याचा उपयोग निसरडेपणापुरता असतो. कंडिशनरने उवा मरत नाहीत.

वेष्टनावरील माहिती

घटकांची तुलना करायची तर ते छापलेले असावे लागतात. भारतातील 'सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०' नुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या वा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने देता येतात. म्हणून वेष्टनावर ठळक चित्र असलेले बदाम किंवा कोरफड यादीत सुगंधाच्या आसपास असल्यास त्यांचे प्रमाण नगण्य समजावे. सुवासिक केशतेलाच्या यादीत 'मिनरल ऑइल' वा 'लाइट लिक्विड पॅराफिन' प्रथम असल्यास ते मुख्यतः खनिज तेल आहे. ते निरुपद्रवी असते, वरून चमकही देते. पण मुंबईतील अभ्यासात खोबरेलाचा जो गुण दिसला तो त्यात नाही. शुद्ध खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते, खनिज तेल थिजत नाही. हिवाळ्यातील ही घरगुती खूण सूचक आहे; भेसळ ओळखण्यास ती पुरेशी नाही.

खोबरेल खाद्यतेल की केशतेल, या करविषयक वादात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी निर्णय दिला. केवळ लहान बाटलीत भरले म्हणून शुद्ध खोबरेल केशतेल ठरत नाही, असा त्याचा आशय आहे. खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर अन्नसुरक्षा परवाना क्रमांक व हिरवे चिन्ह असते. औषधी परवान्याखाली विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक केशतेलांवर याहून कडक नियम आहे: वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि प्रत्येक घटकाचे प्रमाणही छापावे लागते.

सौंदर्यप्रसाधनांच्या नियमात मात्र एक सवलत आहे. ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव व ३० ग्रॅमपेक्षा कमी घन वा अर्धघन पदार्थाच्या वेष्टनावर घटकांची यादी देणे बंधनकारक नाही. शाम्पू व कंडिशनरच्या पुडीत काही मिलिलिटरच द्रव असतो. रोजंदारीवर चालणाऱ्या घरांत मोठी बाटली एकदम घेणे परवडत नाही, त्यामुळे पाड्यांवरील दुकानांत पुड्यांचीच विक्री अधिक. याचा परिणाम असा की, डहाणू शहरातील बाटलीच्या ग्राहकाला जी माहिती कायद्याने मिळते, ती तलासरीच्या पाड्यावरील पुडीच्या ग्राहकाला मिळेलच असे नाही. काही उत्पादक पुडीवरही यादी छापतात, पण अक्षरे अतिशय बारीक व इंग्रजीत असतात. आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांना तेल-साबणासारख्या वस्तूंऐवजी त्यांची रक्कम थेट बँक खात्यात देण्याचा निर्णय आदिवासी विकास विभागाने घेतल्यापासून कोणते तेल वा शाम्पू घ्यावा, हे ठरवण्याचे काम पालकांकडे आले आहे. ज्या पुडीवर यादी नाही, तिच्यातील घटक पाहण्याचा साधा मार्ग म्हणजे त्याच उत्पादनाची मोठी बाटली दुकानात मागून तिच्यावरील यादी वाचणे.