पेशींचे फोन आणि गणेशखिंडीतलं एक कोष्टक

शरीरातल्या पेशी एकमेकींशी काय बोलतात हे कॉम्प्युटरने ओळखायचं, हा उद्योग सध्या जोरात आहे. त्याचा एक जुना धागा मला चक्क आपल्या गणेशखिंडीत सापडला.

१९८७ साली पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्स सेंटर सुरू झालं. पुढच्या वर्षी सी-डॅक, १९९१ ला परम ८०००. परम आपण सगळ्यांनी जनरल नॉलेजमध्ये घोकलाय. पण १९९० साली अशोक कोळस्कर आणि टोणगावकर यांचा जेमतेम तीन पानांचा पेपर आला, तो आपल्याला कोणी सांगितला नाही!

प्रश्न असा होता : जंतूच्या प्रोटीनचा कुठला तुकडा आपल्या प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरतो? म्हणजे बी-पेशीवरचा रिसेप्टर नेमकं काय पकडतो? प्रयोगाने सिद्ध झालेले तुकडे घेऊन त्यांत कुठलं अमिनो आम्ल किती वेळा येतं ते यांनी मोजलं, आणि प्रत्येकाला एक आकडा दिला. नवीन प्रोटीन आलं की सात-सातची खिडकी सरकवत सरासरी काढायची, जिथे सरासरी जास्त तिथे बोट ठेवायचं. एका लूपचं काम. अचूकता सुमारे ७५ टक्के, असा त्यांचा दावा. ही पद्धत जगभर वापरली गेली, अजूनही वापरतात.

मग २००५ मध्ये ब्लाइथ आणि फ्लॉवर यांनी असली ४८४ कोष्टकं तपासली. निष्कर्ष : नुसत्या एका कोष्टकावर चालणाऱ्या पद्धती नाणेफेकीपेक्षा जेमतेम बऱ्या. एक कारण उघड आहे. प्रोटीन घडी घालून बसतं, त्यामुळे साखळीत लांब असलेले तुकडे प्रत्यक्षात शेजारी येतात. सरळ रेषेत सरकणाऱ्या खिडकीला ते दिसणार कसे?

आता आजच्याकडे येऊ. २००९ मध्ये एकेका पेशीतला आरएनए वाचता आला, २०१५ च्या सुमारास हजारो पेशी एकदम. २०१८ मध्ये गर्भाच्या वारेजवळच्या सुमारे ७०,००० पेशींवर सेलफोनडीबी चालवलं गेलं. (नावातच फोन!) कल्पना सोपी आहे. एका प्रकारच्या पेशीत निरोपाचं जीन चालू, दुसरीत रिसेप्टरचं चालू, म्हणजे बोलणं शक्य. मग पेशींची लेबलं हजार वेळा पिसायची आणि अशी जोडी निव्वळ योगायोगाने किती वेळा जमते ते बघायचं.

मला ही पिसण्याची युक्ती फार आवडते. पण यात निरोप पोचला का हे कोणी ऐकलेलं नसतं. दोघांकडे हँडसेट आहे, एवढंच कळतं. शिवाय आरएनए म्हणजे प्रोटीन नव्हे, आणि पेशी सुट्या करताना कोण कोणाच्या शेजारी होतं तेही जातं. जोड्यांची यादी माणसांनीच केलेली. यादीत नाही ते बोलणंही नाही.

२०२२ मध्ये अशा ७ पद्धती आणि १६ याद्या एकाच डेटावर ताडून पाहिल्या गेल्या. पद्धत बदलली की उत्तर बदलतं, यादी बदलली तरी बदलतं. कॅन्सरवरच्या औषधाचं लक्ष्य निवडताना हे असं उत्तर हाती असेल तर? कोळस्करांच्या कोष्टकामागे निदान प्रत्यक्ष प्रयोग तरी होते. आजच्या हजारो बाणांच्या रंगीत आकृत्यांमागे किती आहेत, हे मी आता प्रत्येक पेपरात आधी शोधतो.