रांदची कूड : काय राखावे, काय काढावे

गेल्या उन्हाळ्यात फोंडा महालातल्या आमच्या जुन्या घराची डागडुजी काढली. घर मोडायचे नाही, यावर आम्हा भावंडांचे एकमत होते. वाद झाला तो रांदच्या कुडीवरून. धाकट्या भावाचे म्हणणे, सगळे उखडून ग्रॅनाइटचा ओटा घालू आणि भिंतभर कपाटे करू. मी पडलो इतिहासाचा नादी. चूल, जमिनीत बसवलेले वायन, रगडो, काळे पडलेले वासे, यातले काहीही हलवू नये असा माझा हट्ट. आई दोघांचे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "धुंवराक लागून दोळे म्हजे गेल्यात, तुमचे न्हय."

मी गप्प झालो. मग विचार करू लागलो, की ज्याला आपण 'मूळ स्वयंपाकघर' म्हणतो ते मूळ नेमके कधीचे?

गोव्याच्या इतिहासात स्वयंपाकघराला फार मोठी जागा आहे. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. त्या काळात तिसवाडी, साष्टी आणि बार्देशातले अनेक देव नदीपलीकडे गेले. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा आज अंत्रुजात आहेत ती त्यामुळेच. 1763 पर्यंत अंत्रुज पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हते. मागे राहून ज्यांनी धर्म बदलला, त्यांच्या घरात सत्ता कुठवर शिरली? तर थेट भाताच्या भांड्यापर्यंत! इन्क्विझिशनच्या 1736 च्या फर्मानात, नवख्रिस्तींनी हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, असा हुकूम आहे. माणसाची ओळख चुलीपाशी जपली जाते हे त्या न्यायाधीशांना पुरते कळले होते. आपल्यालाच ते अधूनमधून विसरायला होते.

पण हेच स्वयंपाकघर हट्टी होते तसे उदारही होते. हुमणात आज जी मिरची पडते ती अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांनी आणली. त्याआधी तिखटपणा मिऱ्यांचा होता. काजू ब्राझीलचा. बटाटा आणि पाव हे शब्दसुद्धा पोर्तुगीज. देव सोडायला तयार नसलेल्या घरांनी मिरची मात्र आनंदाने रगड्यावर घेतली. वस्तू बदलल्या, वाटण्याची आणि रांधण्याची रीत आपली राहिली.

घराच्या छपराचेही तेच. आपण ज्यांना पारंपरिक म्हणतो ती मंगळुरी कौले तशी अलीकडची आहेत. बासल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो 1865 मध्ये. त्याआधी आपल्याकडे कुंभाराने घडवलेले अर्धगोल नळे असत. म्हणजे आमच्या घरावर जेव्हा ही कौले चढली, तेव्हा तेही एक 'आधुनिकीकरण'च होते. त्या वेळीही कोणी म्हातारा जुन्या नळ्यांसाठी हळहळला असेल.

मग राखायचे काय? मला वाटते, वस्तूंपेक्षा त्यांच्यामागची युक्ती राखायची. जुनी रांदची कूड घराच्या मागच्या अंगाला, विहिरीच्या आणि न्हाणीच्या जवळ असे. पाणी दूरवरून वाहावे लागू नये, हे त्याचे साधे कारण. कौलांना खाली छत नसे, म्हणून फटींतून धूर बाहेर जाई. जाता जाता तो चुलीवरच्या फळ्यांवर ठेवलेली सोलां, सुकी मासळी आणि पावसाळ्यातली लाकडे कोरडी ठेवी. वासे काळे होत, पण त्या धुराने किडीपासून बचावत, असे जुने सुतार सांगतात. गॅस आला, चूल विझली, आणि वाशांचा राखणदार गेला. आमच्या घरी तीन वासे आतून पोखरलेले निघाले.

भिंतींचीही अशीच गोष्ट. चिऱ्याचा दगड ओल घेतो आणि सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडायला वाट मिळते. वरून सिमेंट थापले की ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून पापुद्रे सुटू लागतात. मागे आम्हीच एक भिंत सिमेंटने 'पक्की' करून घेतली होती. सगळ्यात जास्त खराब झालेली भिंत तीच.

आणि काय राखायचे नाही, हेही तितकेच स्पष्ट म्हणायला हवे. राजांगणात उजेड, बाहेरच्या सोप्यावर वारा, आणि बाईमाणसांचा दिवस जिथे जाई ती खोली काळोखी. दिवसभर खाली बसून फुंकणीने विस्तव फुलवायचा. विटाळ-सोवळ्याच्या नियमांनी कोणी आत यायचे आणि कोणी उंबऱ्याबाहेर थांबायचे, हेही त्याच खोलीत ठरे. त्या खोलीच्या चवीच्या आठवणी आम्हा मुलग्यांच्या, धूर मात्र आईच्या वाट्याचा. हा भाग वारसा म्हणून जपण्याचे कारण नाही.

शेवटी आम्ही असे केले. सिमेंट खरवडून भिंतीला पुन्हा चुना दिला. पोखरलेले वासे बदलले, उरलेल्यांना कीडप्रतिबंधक औषध लावले. छपरात चार काचेची कौले बसवली आणि राजांगणाच्या बाजूच्या भिंतीत एक जनेल काढले. चुलीची जागा तीच ठेवून तिथे उभ्याने काम करता येईल असा ओटा बांधला. त्यावर गॅस आला. मातीची चूल मागच्या पडवीत नेली. चतुर्थीच्या खतखत्यासाठी ती अजून पेटते. वायन जागच्या जागी आहे, ठेच लागू नये म्हणून वर लाकडी झाकण केले. रगडोही तिथेच. कपाटे झाली, पण छपरापर्यंत नाहीत. वरचा वारा मोकळा ठेवला.

भावाला घर जुनाट वाटत नाही, आणि मलाही ते परके वाटत नाही. ज्यांना असे काम काढायचे असेल त्यांना एकच सांगणे आहे. पहिला घाव घालण्याआधी खोलीचे माप घ्या, फोटो काढा, पाणी, धूर आणि उजेड कसे फिरतात ते चार दिवस बघा. आणि जिने त्या खोलीत आयुष्य घालवले तिला आधी विचारा. आम्ही ते सर्वांत शेवटी केले.

काम संपल्यावर आई नव्या जनेलाखाली उभी राहून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आता खडे दिसतात."