वलवणचं मत्स्यबीज

लोणावळ्याजवळच्या आमच्या कुरवंडे गावाचं नाव इतिहासात येतं ते उंबरखिंडीमुळे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी मुघल सरदार कारतलबखानाची फौज आमच्याच घाटाने खाली उतरली आणि खिंडीत शिवाजीराजांच्या तावडीत सापडली. शाळेत मी ही लढाई वर्षानुवर्षं शिकवली. पण याच गावाच्या डोंगरात इंद्रायणी उगम पावते, आणि तिच्या माशांचाही इतिहास आहे. तो कुठल्या धड्यात नाही, म्हणून इथे लिहितो.

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला, ओढे लाल पाण्याने भरले, की मावळात चढणीचे मासे निघतात. धारेच्या उलट, वर, खाचरांपर्यंत. शिंगटे, वाम, बारीक खवल्याचे मासे, सगळे पोटात अंडी घेऊन. रात्री बॅटऱ्या, त्याआधी पलिते, हातात पाग म्हणजे फेकजाळी, कोयते, बांबूचे सापळे घेऊन माणसं बांधावर उतरतात. आजोबांनी मला वाट अडवून मासा कसा धरायचा ते शिकवलं होतं. त्या कालवणाची चव अजून जिभेवर आहे, आणि ती प्रथा वाईट होती असं मी म्हणणार नाही. कातकरी, ठाकर, कोळी घरांना ते आषाढातलं अन्न होतं. ओढे खूप होते, पकडणारे थोडे. पकडून उरत होतं.

या नद्यांचा राजा महसीर. कर्नल साईक्स हा इंग्रज अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडला आणि पुण्याच्या मुळा-मुठेतला हा मासा त्याने १८३९ मध्ये शास्त्रात नोंदवला. निळसर परांचा, तळहाताएवढ्या खवल्यांचा हा मासा खोल डोहात राहतो आणि पावसात गोट्यांच्या उथळ वाहत्या पाण्यात विणीला चढतो. त्याचं दुखणं त्याच्या विणीत आहे. रोहू-कटला किलोमागे लाखांनी अंडी घालतात, महसीरची अंडी हजारांच्या घरात, तीही टप्प्याटप्प्याने. वयात यायलाही त्याला काही वर्षं लागतात. मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त, आणि माणसाची नजर जाते ती नेमकी मोठ्या माशावर. चार थोरल्या माद्या डोहातून उचलल्या, की पुढच्या कित्येक वर्षांची भरती गेली.

मग सुरुंग आले. बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे गेली, त्यासाठी या डोंगरांत खडक फोडले गेले, आणि जी दारू खडकासाठी तीच डोहासाठी वापरणारे सगळ्या देशात निघाले. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यात स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला बंदी घालावी लागली, यावरून काय ते समजावं. सुरुंगाने मोठ्यासोबत बोटभर पिल्लूही मरतं, तिथे उरतं काय?

त्यानंतर धरणं. टाटांनी लोणावळा, वलवण, शिरवत्याचं पाणी अडवून घाटाखाली खोपोलीला सोडलं, १९१५ मध्ये तिथे वीज तयार होऊ लागली. पूर्वेला भीमेकडे जायचं पाणी पश्चिमेला वळलं आणि चढणीची वाट भिंतीने अडली. पण याच तलावांत, राखणीमुळे, महसीर टिकून राहिला. खाली देहू-आळंदीच्या डोहांत तो श्रद्धेने टिकला. देवाचा मासा म्हणून त्याला कुणी हात लावत नव्हतं. आज मत्स्यशास्त्र ज्याला राखीव क्षेत्र म्हणतं, ते वारकऱ्यांनी कायद्याशिवाय सांभाळलं. थोरल्या माद्या तिथे उरल्या.

१९७० च्या सुमारास महाराष्ट्राच्या मत्स्यखात्यातले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यात महसीरची कृत्रिम वीण यशस्वी केली. पुढे एस. एन. ओगले यांच्यासोबत वलवणच्या टाटांच्या मत्स्यकेंद्रात तिचं मोठं काम उभं राहिलं. रीत नाजूक. पिकलेली मादी ओल्या फडक्यात धरायची, पोटावरून हलका हात फिरवायचा, की सोनेरी अंडी कोरड्या ताटात ओघळतात. त्यावर नराचं शुक्र घालून हळुवार मिसळायचं, मगच पाणी. अंडी वाहत्या पाण्यात तळाशी ठेवायची, तीन दिवसांच्या आसपास फुटतात. पिल्लं मात्र लगेच पोहत नाहीत. पाच-सहा दिवस डोकं कोपऱ्यात खुपसून घोळक्याने पडून राहतात. नदीत हे दिवस गोट्यांच्या फटीत जातात, म्हणून गोटे आणि वाळू उपसली तर वीण वाया जाते. कुलकर्णी-ओगले या दोघांनी ओल्या कापसात अंडी गुंडाळून विमानाने दूर पाठवायची युक्तीही सिद्ध केली. लोणावळ्याचं बीज, म्हणजे अंडी आणि पिल्लं, अनेक राज्यांत गेलं.

इथे मला अभिमान वाटतो, आणि इथूनच काळजीही सुरू होते. ते बीज कर्नाटकात कावेरीतही सोडलं गेलं. तिथला स्वतःचा महसीर वेगळा, नारिंगी शेपटीचा, पाठीवर कुबड असलेला. १९४६ मध्ये कावेरीच्या उपनदीत, कबिनीत, एका गळाला १२० पौंडांचा महसीर लागला होता, असं ते पाणी. गळ टाकणाऱ्यांच्या वह्यांतल्या नोंदी अभ्यासकांनी मांडल्या तेव्हा चित्र उघड झालं: निळ्या परांचे मासे वाढत गेले, कुबडाचे घटत गेले. २०१८ मध्ये त्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली, तोवर तो नष्ट व्हायच्या उंबरठ्यावर आला होता. आमच्या माशाने दुसऱ्याचं घर घेतलं. यात वलवणच्या हातांचा दोष मी मानत नाही. कुठल्या नदीत काय सोडायचं, हे ठरवताना तिथे आधी कोण राहतं हे कुणी पुरतं पाहिलं नाही.

२०२० मध्ये बातमी आली की आपला निळ्या परांचा महसीर जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’मधून ‘किमान चिंता’ या गटात आला. आनंदच झाला. पण ही बातमी आणि आळंदीच्या घाटावरचा प्रदूषणाचा फेस एकाच नदीच्या काठी आहेत. किती बोटुकल्या, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडल्या याला मी सावरणं म्हणत नाही. सोडलेल्या माशाने नदीत स्वतःहून वीण घातली आणि ती पिल्लं वयात आली, तर ते सावरणं. त्यासाठी पाणी, गोटे, डोह आणि पावसातली मोकळी वाट लागते.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ. आमच्या ओढ्यांत मात्र तोच पकडायचा काळ. आता पकडणारे केवळ गावचे नाहीत, शनिवार-रविवारी गाड्या भरून येणारेही आहेत, आणि ओढे उरलेत थोडे. म्हणून गावकीत मी एवढंच मागत आलो आहे: पहिल्या चढणीचे आठ दिवस पाग घरी ठेवावा, इंद्रायणीच्या उगमापासून कामशेतपर्यंत दर पावसाळ्यात किती आणि कुठले मासे चढले त्याची वही शाळेतल्या पोरांनी ठेवावी. कावेरीचं सत्य अशाच वह्यांतून कळलं होतं.