ताम्हण आणि तळं

पाळी सुटली की मी भांडीगल्लीतनं घरी येतो. दुकानात तांब्याचं ताम्हण, पळी, पंचपात्र, अभिषेकाची गळती मांडलेली असते. देव ताम्हणात ठेवायचा. दूध, दही, तूप, मध, साखर अशा पंचामृतानं न्हाऊ घालायचा, वर पाणी ओतायचं. खाली साचलेलं तळहातावर घेऊन पितात. ते तीर्थ.

आता दुसरी अंघोळ सांगतो. महाडचं चवदार तळं नगरपालिकेनं १९२४ साली सगळ्यांना खुलं केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथं ओंजळभर पाणी प्याले, मागोमाग हजारो माणसं प्याली. तळं बाटलं म्हणून सनातन्यांनी तळ्यालाच न्हाऊ घातलं. मातीच्या १०८ घागरी आणल्या. दूध, दही, शेण, गोमूत्र ओतलं, वर मंत्र.

दूध-दही दोन्हीकडं हायच. देवाच्या अंगावरनं ओघळलं ते तीर्थ, आमच्या ओंजळीला लागलं ते बाटलं! ढोरं पीत होती तवा कुणी घागर उचलली नव्हती. हायकोर्टाचा निकाल आमच्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. घोटभर पाण्याला दहा वर्षं.

आमच्या घरात ताम्हण नाही. एक तांब्या हाय. कुणीबी येवो, आई आधी त्यातनं पाणी देते. जात विचारत नाही.