मळ्याचे तिकीट, पोलिसाचा पास : मॉरिशसमधील ओळखपत्रांचा पूर्वेतिहास

परमुलखात जाणाऱ्याने जवळ बाळगायचा आणि सरहद्दीवर किंवा बंदरावर दाखवायचा कागद म्हणजे पासपोर्ट, अशी आज सर्वसाधारण समजूत आहे. हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटापुरते बोलायचे तर मात्र ओळखीच्या कागदाचे मूळ काम माणसाला बेटावर प्रवेश देणे हे नव्हते, प्रवेश दिलेल्या माणसाला उसाच्या मळ्यावर धरून ठेवणे हे होते. १८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर या ब्रिटिश वसाहतीत गेले, आणि त्यांच्यापैकी कोणाजवळही आजच्या अर्थाने पासपोर्ट नव्हता. तरीही त्याच काळात इंग्लंडातील एखाद्या सामान्य माणसाला जन्मभरात जेवढे सरकारी कागद दाखवावे लागत, त्याहून कितीतरी जास्त कागद या मजुरांना एका वर्षात दाखवावे लागत. राज्यसंस्था माणसाचा चेहरा, उंची, वास्तव्य आणि हालचाल यांची नोंद कशी करू लागली, याचा अभ्यास युरोपातल्या सीमांवरून सुरू करण्याची रीत आहे. मॉरिशसचे दप्तर पाहिल्यावर ती रीत अपुरी वाटते.

हे बेट आधी डचांकडे, मग फ्रेंचांकडे होते. १८१० साली ते इंग्रजांनी जिंकले आणि १८१४ च्या पॅरिसच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. बेटाचा सगळा कारभार गुलामांच्या श्रमावर चाललेला होता आणि गुलामांच्या व्यापारावर इंग्रजांनी बंदी घातलेली असल्यामुळे चोरट्या मार्गाने नवे गुलाम उतरवले जात नाहीत ना, हे तपासण्यासाठी १८१५ मध्ये बेटावरील प्रत्येक गुलामाची नोंदणी करण्यात आली. नाव, वय, उंची, अंगावरील खुणा आणि मालक अशा स्वरूपाची ती नोंद होती. संरक्षणाच्या हेतूने मांडलेला तक्ता पाळतीलाही तितकाच उपयोगी पडतो, हे बेटावरच्या अधिकाऱ्यांना तेव्हापासूनच कळलेले असावे. त्याच वर्षापासून बंगाल आणि मुंबई इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी रस्ते बांधण्यासाठी मॉरिशसला पाठवले जाऊ लागले. बंगालच्या जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर नाव आणि गुन्हा गोंदवण्याची शिक्षा त्या काळी कायद्यात होती, म्हणजे त्यांच्या बाबतीत ओळखपत्र हरवण्याची सोयच ठेवलेली नव्हती. १८३६ साली चार्ल्स डार्विन बेटावर उतरला तेव्हा त्याने या हिंदी कैद्यांची संख्या सुमारे आठशे असल्याची नोंद केली आहे.

१८३५ च्या फेब्रुवारीत मॉरिशसमध्ये गुलामगिरी रद्द झाली, मालकांना सुमारे वीस लाख पौंडांची भरपाई मिळाली आणि साखरेला लागणारे हात भारतातून आणायचे ठरले. त्याची सुरुवात काही महिने आधीच झाली होती: २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात आले होते. या मजुरांचे करार इंग्रजी ‘अ‍ॅग्रिमेंट’चा अपभ्रंश होऊन पुढे ‘गिरमिट’ म्हणून ओळखले गेले. ही नवी गुलामगिरीच आहे, असा आरोप इंग्लंडात होऊ लागल्यावर कंपनी सरकारने १८३७ मध्ये कायदा करून, परदेशी जाणाऱ्या मजुराने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जातीने उभे राहावे आणि कराराच्या अटी आपल्याला समजल्या आहेत असे सांगावे, असे बंधन घातले. तरीही तक्रारी थांबेनात म्हणून १८३८ च्या सुमारास ही वाहतूकच बंद केली गेली आणि १८४२ च्या कायद्याने ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून, सरकारी देखरेखीखाली, पुन्हा सुरू झाली. येथे एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच जहाजाने जाणाऱ्या सुरतेच्या किंवा कच्छच्या व्यापाऱ्याला असा कोणताही दाखला लागत नसे; स्वखुशीने चाललो आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी फक्त मजुरावर होती. मुक्त माणूस कागदाविना समुद्र ओलांडू शकत होता आणि ज्याच्या मुक्ततेविषयी शंका होती त्याच्या हाती कागद दिला जात होता.

पोर्ट लुईच्या त्रू फाँफारों या भागात १८४९ पासून उभा असलेला इमिग्रेशन डेपो, म्हणजे आजचा आप्रवासी घाट, हे या कागदांचे माहेर होय. जहाजातून उतरलेला मजूर धक्क्याच्या पायऱ्या चढून आवारात आला की वैद्यकीय तपासणी झाल्यावर त्याला कारकुनासमोर उभे केले जाई, आणि कारकून एका मोठ्या नोंदवहीत त्याला क्रमांक देऊन पुढचे रकाने भरत असे: नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाजाचे नाव आणि तो ज्याच्या मळ्यावर जाणार त्या मालकाचे नाव. पुढे त्याच ओळीत लग्न, पळून जाणे, परत जाणे किंवा मृत्यू यांचीही टिपणे वेळोवेळी जोडली जात. हा क्रमांक मजुराला मरेपर्यंत चिकटलेला असे. नाव चुकले तरी चाले, क्रमांक चुकून चालत नसे. मुंबईहून गेलेल्यांची संख्या बंगाल आणि मद्रासच्या मानाने थोडी होती आणि १८६० च्या दशकानंतर हा ओघ आटला, पण रत्नागिरी, सातारा आणि आसपासच्या भागांतून गेलेल्या या लोकांच्या नोंदींत जातीच्या रकान्यात ‘मराठा’ असे अनेकदा लिहिलेले आढळते, मग तो माणूस गावी कोणत्याही जातीचा असो. आडनावाचा रकाना नव्हता. त्यामुळे पहिल्या पिढीतील माणसाचे पाळण्यातले नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले आणि सखाराम, बाबाजी, भिवाजी ही आज मॉरिशसमधील मराठी घराण्यांची आडनावे आहेत. ज्या कारकुनाने फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत ती जशी ऐकली तशी लिहिली, तो आपल्या नकळत एका समाजाची वंशावळ लिहीत होता.

नोंदवही सरकारजवळ राही, तिचा उतारा म्हणजे तिकीट मजुराजवळ असे. पाच वर्षे मळ्यावर काम करण्याची सक्ती होती, तिला ‘औद्योगिक वास्तव्य’ असे भारदस्त नाव दिलेले होते. ती मुदत पुरी करणाऱ्याला ‘जुना आप्रवासी’ म्हणत, तर अलीकडे आलेला तो ‘नवा आप्रवासी’. मुदत संपल्यावर फुकट परतीचा प्रवास मिळण्याचा हक्क १८५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच काढून घेण्यात आला होता, त्यामुळे जुना आप्रवासी बहुधा बेटावरच राही, आणि मळेवाल्यांच्या दृष्टीने खरी अडचण हीच होती. करार संपलेला माणूस भाजीपाला पिकवू शके, फेरीवर कापड विकू शके, दोन-चार गुंठे जमीन खंडाने घेऊ शके. तो पुन्हा पाच रुपये महिन्यावर ऊस तोडायला कशासाठी येईल? कामावर असलेल्याला ‘दुहेरी कपाती’ने, म्हणजे एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापून, जागेवर ठेवता येई. कामावर नसलेल्याला मळ्याकडे वळवण्यासाठी मात्र दुसरे साधन हवे होते.

ते साधन छायाचित्राच्या रूपाने सापडले. मेलेल्या किंवा परत गेलेल्या मजुरांची तिकिटे दुसरेच लोक वापरतात, पळालेले मजूर पराया नावाने फिरतात, अशी मळेवाल्यांची तक्रार होतीच. १८६० च्या दशकाच्या मध्यापासून डेपोत मजुरांची छायाचित्रे काढली जाऊ लागली आणि सर हेन्री बार्कली गव्हर्नर असताना झालेल्या १८६७ च्या ३१ क्रमांकाच्या कायद्याने प्रत्येक जुन्या आप्रवाशाने छायाचित्र लावलेले तिकीट सतत अंगावर बाळगणे बंधनकारक केले. ब्रिटिश पासपोर्टावर छायाचित्र येण्यासाठी पहिले महायुद्ध उजाडावे लागले. उसाच्या मळ्यावरच्या मजुराच्या कागदावर ते जवळजवळ अर्धशतक आधी आले होते. तिकिटाखेरीज आपण कोणत्या जिल्ह्यात राहतो आणि काय काम करतो याची पोलिसांकडे नोंद करून पासही घ्यावा लागे, जिल्हा बदलला की पासही बदलावा लागे, आणि पास एका जिल्ह्याचा व माणूस दुसऱ्यात, एवढ्यावरून त्याला भटक्या ठरवून पकडता येई. हे बेट उत्तर-दक्षिण चाळीस मैलसुद्धा लांब नाही, म्हणजे सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत दोन जिल्ह्यांच्या हद्दी सहज ओलांडत असे. तिकीट हरवले तर दुसऱ्यासाठी द्यावी लागणारी फी मजुराच्या महिन्याच्या मिळकतीपेक्षा जास्त पडे आणि नवे तिकीट फक्त पोर्ट लुईत मिळे. ते आणायला निघालेला माणूस वाटेत विनातिकीट असे, हे ओघानेच आले. त्यामुळे कायदा पाळायला निघालेला माणूसही कायदा मोडताना सापडे. ग्रां रिव्हिएर येथे भटक्यांना कोंडण्यासाठी खास डेपो होता आणि पोलिसांच्या धरपकडीला लोक सरळ ‘भटक्यांची शिकार’ म्हणत. हा कायदा आला ते वर्षही पाहण्यासारखे आहे: १८६६ ते १८६८ या काळात मलेरियाच्या साथीने बेटावर हजारो माणसे दगावली होती, मजुरांची वस्ती खिळखिळी झाली होती आणि रोगाने काम सुटलेला माणूसच आता गुन्हेगार ठरू लागला होता.

याविरुद्ध उठलेला आवाज एका युरोपियनाचा होता. आडॉल्फ द प्लेव्हित्झ हा जर्मन वंशाचा, पॅरिसमध्ये जन्मलेला गृहस्थ सासऱ्याच्या मळ्याची व्यवस्था पाहत असे. त्याने जुन्या आप्रवाशांच्या वतीने एक अर्ज तयार केला आणि ९,४०१ जणांच्या सह्या घेऊन तो ६ जून १८७१ रोजी गव्हर्नर सर आर्थर हॅमिल्टन गॉर्डन यांना सादर केला. अर्जातील गाऱ्हाणी तिकीट आणि पास यांभोवतीच फिरतात: पोलीस तिकीट मागतो, पाहण्याच्या निमित्ताने फाडतो, मग तिकीट नाही म्हणून धरतो, कचेरीत दिवसचे दिवस ताटकळत ठेवले जाते, असे त्यांचे स्वरूप होते. मळेवाले चवताळले, प्लेव्हित्झवर रस्त्यात हल्ला झाला आणि त्याला बेटावरून हाकलून द्यावे म्हणून त्यांनीही उलट अर्ज केला. आधी पोलिसांच्या वर्तनाची चौकशी झाली, नंतर लंडनहून शाही आयोग आला. त्याचे दोन सदस्य होते व्हिक्टर विल्यमसन आणि विल्यम एडवर्ड फ्रिअर, आणि यांतील फ्रिअर हे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत उमर घालवलेले अधिकारी होते. १८७५ च्या अहवालात आयोगाने अर्जातील तक्रारी बव्हंशी खऱ्या ठरवल्या आणि १८७८ च्या नव्या मजूर कायद्याने पासची बंधने पुष्कळ सैल केली. दुहेरी कपात मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालूच राहिली. त्याच सुमारास १९०७ साली गांधीजींच्या सांगण्यावरून बेटावर गेलेल्या मणिलाल डॉक्टर या बॅरिस्टरांची चळवळ झाली आणि १९०९ मध्ये दुसरा शाही आयोग आला.

१९१० मध्ये मजूरभरती थांबली आणि चार वर्षांनी महायुद्ध सुरू झाले. युद्धाच्या निमित्ताने ब्रिटिश साम्राज्यात पासपोर्टाची सक्ती आली, ती युद्ध संपल्यावरही गेली नाही, आणि १९२० च्या कायद्याने भारतात प्रवेश करण्यासाठीही पासपोर्ट लागू झाला. पूर्वी ज्या व्यापाऱ्याला कोणी कागद विचारत नसे त्यालाही आता छायाचित्र, उंची आणि अंगावरची खूण नोंदवून घ्यावी लागली. मजुरासाठी आखलेले रकाने अशा रीतीने साऱ्यांच्या वाट्याला आले, फक्त त्यांवर आता राजमुद्रा होती आणि कापडी बांधणी होती.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. आज तेथे सहलीला जाणाऱ्या भारतीयाला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. वैध पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पुरावा एवढे पुरते. मॉरिशसच्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत डेपोच्या नोंदवह्या आणि छायाचित्रे जपून ठेवलेली आहेत, आणि आपला पूर्वज कोणत्या जहाजाने, कोणत्या गावाहून आला हे शोधण्यासाठी आप्रवाशांचे वंशज तेथे अर्ज करतात. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड, मिळू शकेल अशी खास तरतूद जाहीर केली. या कार्डासाठी पूर्वज भारतातून आला असल्याचा पुरावा लागतो, आणि बहुतेक घराण्यांच्या बाबतीत डेपोच्या वहीतील ती ओळ, म्हणजे क्रमांक, जहाज, परगणा आणि गाव, हाच तो पुरावा असतो.