आधी सायकल, मग समुद्र

परवा सकाळी चिवल्यावर पोहून सायकल काढली. तारकर्लीच्या वळणावर पर्यटकांच्या एका गाडीने कानाशी हॉर्न मारत मला थेट मातीत उतरवलं. गुडघा सोलला. घरी काकी म्हणाली, "गाडी आसा मां? मगे सायकल कित्याक?"

उत्तर सुचेना. मग ट्रायथलॉनचाच इतिहास आठवला. १९७८ साली होनोलुलूत जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने तिथल्या तीन शर्यती एकत्र बांधल्या: ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन! पंधरा जण उतरले, बारा पोचले. रस्ता बंद वगैरे काही नव्हता. सिग्नलला थांबायचं, गाड्यांतूनच वाट काढायची. पाणीसुद्धा ज्याचं त्याने बघायचं. दुसरा आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तर त्यांनी म्हणे त्याला बिअर पाजली. असो. पुढे माणसं वाढली, शहरातल्या वाहतुकीत ते जमेना, आणि १९८१ मध्ये स्पर्धा हवाईच्या मोठ्या बेटावर, लाव्हाच्या माळावर गेली. म्हणजे 'आयर्नमॅन' म्हणवणाऱ्यांनीही मोटारींपुढे काढता पाय घेतलाच की!

शेजारच्या पणजीत ऑक्टोबर २०१९ मध्ये याचीच अर्धी आवृत्ती झाली. पण स्पर्धा एका दिवसाची, सराव वर्षभराचा. आणि आमच्याकडे बेट आहे, पण त्यावर सिंधुदुर्ग किल्ला... सायकल चालवणार कुठे?

तेव्हा क्रमच उलटा केलाय. पर्यटक उठायच्या आत सायकल, मग समुद्र. मागचा लाल दिवा पेटलाय का, हे बघायला काकी पहाटे दारात उभी असते.